पाण्यात अडकलेली हवा



वसंतातल्या या व्यासपीठावरून तुम्ही तत्त्वज्ञानावर ऐकता, इतिहासावर ऐकता, देशाच्या अर्थकारणावर ऐकता. आम्ही आज बुडबुड्यांवर बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्यांच्या हातांनी यंत्रे चालतात त्या लोकांत आमची तीस वर्षे गेली, आणि यंत्रे बहुधा क्षुल्लक गोष्टींनीच बंद पडतात, हे आम्ही तेथे शिकलो. शिवाय यंत्र बंद पडले की पहिला प्रश्न 'काय झाले' असा नसतो, 'कोणी केले' असा असतो. म्हणून काय झाले हे कामगाराला नीट सांगता आले पाहिजे.

संगणकाला पाणी कशाला, येथून सुरुवात करू. संगणकात जी वीज जाते ती अखेर जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. साधा संगणक पंख्याच्या वाऱ्यावर थंड राहतो. परंतु चित्रपटांचे संकलन, मोठी गणिते, आराखडे अशी कामे करणाऱ्या यंत्रातील एकेक भाग दोनशे-तीनशे वॅट उष्णता टाकतो, आणि तीही एवढ्याशा जागेतून. तेथे वारा अपुरा पडतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. पाण्याची थोरवी या एका हिशेबात आहे. ही युक्ती नवीही नाही. आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ या १९६० च्या दशकातील मोठ्या संगणकात पाण्याचा उपयोग होता. आपल्या पुण्यात आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेच थंड होतो.

या व्यवस्थेचे अवयव पाच. पाण्याची लहान टाकी, पंप, तापणाऱ्या भागावर दाबून बसवलेला तांब्याचा ठोकळा, पंख्यांचा रेडिएटर आणि या सर्वांना जोडणाऱ्या नळ्या. पाणी टाकीतून पंपात, पंपातून ठोकळ्यात, तेथून रेडिएटरात आणि पुन्हा टाकीत. मोटारगाडीचे इंजिन ज्याने पाहिले आहे त्याला यात अनोळखी काही नाही. फरक एवढाच, की येथे पाण्याशेजारीच वीज आहे.

हवा काय बिघडवते

पहिली गोष्ट, हवा उष्णता नेत नाही. पाण्याच्या तुलनेत स्थिर हवेतून उष्णता सुमारे तेविसाव्या हिश्श्याने वाहते. ठोकळ्याच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांत बुडबुडा अडकला की तेवढी जागा कोरडी, आणि तेवढ्यापुरती ठोकळ्याची मेहनत वाया.

दुसरी गोष्ट, हवा प्रवाह तोडते. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर तीनशे वॅट घेऊन ते जेमतेम एक अंशाने तापते. हवेने वाट अडवून तोच प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आणला, तर पाणी अकरा अंशांनी तापते. संगणक मग आपला वेग कमी करतो किंवा स्वतःला बंद करून घेतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, यंत्र जुने झाले.

तिसरी गोष्ट सर्वांत महागाची. अशा पंपांतील बेअरिंगला तेल नसते. फिरणारे पाणी हेच त्याचे वंगण. पंपाच्या पोटात हवा भरली की इम्पेलर नुसता घुमतो, पाणी पुढे ढकलत नाही, आणि बेअरिंग कोरडे घासते. आमच्या शेतकरी बंधूंना हे सांगायला नको. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटार गरगरते आणि पाटात थेंब येत नाही. डिझेल इंजिनची एअर काढणारा मिस्त्री आणि ब्रेकची एअर काढणारा गॅरेजवाला हेही याच शत्रूशी झुंजत असतात.

हवा येते कोठून

बहुतेक हवा आधीपासूनच आत असते. रिकाम्या नळ्या म्हणजे हवेने भरलेल्या नळ्या. पाणी ओतले की ती सगळी बाहेर निघत नाही. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यांत, नळीच्या उलट्या वळणात, ठोकळ्याच्या खाचांत ती दबा धरून बसते.

काही हवा खुद्द पाण्यातच विरघळलेली असते. थंड पाणी जास्त हवा धरते, गरम पाणी कमी. हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ४० अंशांना साडेसहापेक्षाही कमी. चहाचे आधण उकळण्यापूर्वीच भांड्याच्या बुडाला बारीक मणी धरतात, ती हीच हवा. म्हणून पहिल्या दिवशी स्वच्छ दिसलेल्या नळीत, यंत्र तापल्यावर, नवे बुडबुडे दिसले तर घाबरू नये.

काही हवा मात्र रोज नव्याने येते, आणि तेथे सावध व्हावे. टाकीतले पाणी कमी असेल आणि पंप जोरात असेल, तर न्हाणीच्या मोरीत पडतो तसा भोवरा पडून पंप वरची हवा ओढतो. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा सांधा ढिला असेल, तर तेथून पाणी बाहेर येण्याऐवजी हवाही आत शिरू शकते. महिनाभरानंतरही बुडबुडे थांबत नसतील, तर पाण्याची पातळी आणि सांधे तपासावेत.

हवा काढावी कशी

येथे थोडे गणित सांगतो. दोन-तीन मिलिमीटरचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे वीस-पंचवीस सेंटिमीटर वर चढतो. नळीचे आतले तोंड १० मिलिमीटर आणि प्रवाह मिनिटाला ४ लिटर, तर नळीतले पाणी सेकंदाला ८५ सेंटिमीटर धावते. बुडबुड्याला वर जायचे असले तरी पाणी त्याला खाली ओढून नेते. प्रवाह मिनिटाला १ लिटर केला तर पाण्याचा वेग होतो २१ सेंटिमीटर. आणि खाली उतरणाऱ्या नळीत बुडबुडा एका जागी लोंबकळत राहतो, ना वर ना खाली. तेव्हा अडकलेली हवा हलवायची तर जोर हवा.

आता टाकीकडे या. टाकीचा व्यास ६ सेंटिमीटर असेल तर तेच मिनिटाचे ४ लिटर पाणी तेथे ढोबळ मानाने सेकंदाला अडीच सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही. मोठा बुडबुडा येथे सुटतो आणि वर जातो. टाकी ही पाणी साठवण्यापेक्षा हवेला निरोप देण्यासाठी असते, असे म्हटले तरी चालेल. पण मिलिमीटरच्या दशांशाएवढा बारीक बुडबुडा सेकंदाला अर्धाच सेंटिमीटर चढतो. तो टाकीतूनही पुन्हा पंपात ओढला जातो. त्याच्यासाठी पंप हळू करावा. मिनिटाला पाऊण लिटरवर आणला की हा बारीक गाळही सुटू लागतो. तात्पर्य, आधी जोर, मग सबुरी. हे का करायचे ते कळले की क्रम पाठ करावा लागत नाही.

प्रत्यक्ष काम असे. टाकी सोयीच्या उंच जागी आणि पंप तिच्या खाली असावा, म्हणजे पाणी आपल्या भाराने पंपात उतरते. संगणकाच्या इतर भागांना वीज देऊ नये. पंपापुरती वीज वेगळ्या पॉवर सप्लायवरून घ्यावी. सांध्यांखाली कोरडा कागद अंथरावा. गळतीचा एक थेंबही त्यावर दिसतो. टाकी भरावी, पंप काही सेकंद चालवून थांबवावा, पातळी खाली गेली की पुन्हा भरावे. पंप कोरडा फिरू देऊ नये. पाणी अखंड फिरू लागले की पंप पूर्ण वेगाने चालवावा, मधून मधून थांबवावा आणि पुन्हा सुरू करावा. थांबल्यावर बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि मोठे बुडबुडे लवकर निघतात. मग टाकीचे झाकण लावून पेटी हळूहळू चारी बाजूंना कलती करावी, म्हणजे रेडिएटरच्या कोपऱ्यातली हवा वाट काढते. खळखळ थांबली की पंप हळू करून ठेवून द्यावा. निदान २४ तास. दुसऱ्या दिवशी पातळी पाहून पाणी घालावे.

दोन इशारे. बुडबुडे फुटावेत म्हणून कोणी कोणी पाण्यात साबणाचा थेंब टाकतात. फेस होतो, आणि फेस म्हणजे भिंती घातलेली हवा. ती काढणे अधिक कठीण. दुसरे, टाकी गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट करू नये. २० अंशांचे पाणी ५० अंशांवर गेले की सुमारे शेकडा एकने फुगते. लिटरमागे दहा मिलिलिटर. त्याला वर थोडी हवेची जागा लागते. हवेला घालवायचे नाही, तिला तिच्या जागी बसवायचे आहे.

कारखान्यातून भरून बंद होऊन येणारी तयार संचेही मिळतात. त्यांची हवा काढता येत नाही. पण रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडी थोडी वाफ बाहेर जाते आणि आतली हवा वाढते. म्हणून असा संच बसवताना पंप सर्वांत उंच ठेवू नये. रेडिएटरचा काही भाग पंपाच्या वर असावा. हवा तेथे जाऊन बसते आणि पंप पाण्यात राहतो. बसवताना घेतलेली ही पाच मिनिटांची काळजी पंपाचे आयुष्य वाढवते.

दोष कोणाचा

चित्रफितींच्या संकलनाचे काम करणाऱ्या एका आस्थापनेतील तरुण तंत्रज्ञ आमच्याकडे आला. पंप जळाला होता आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून कापली जाणार होती. आम्ही तीनच गोष्टी विचारल्या. पाणी कधी भरले? दुपारी. काम कधी सुरू केले? त्याच संध्याकाळी, कारण मालाची मुदत होती. टाकी कोठे होती? पंपाच्या खाली, कारण वर जागा नाही असे सजावटकाराने ठरवले होते. आम्ही कागदावर नळ्यांचे चित्र काढले आणि ते व्यवस्थापकांपुढे ठेवले. पाणी खाली, पंप वर, मध्ये हवा, आणि हवा निघायला दिलेला वेळ तीन तास. चित्र पाहिल्यावर भांडायला फारसे उरले नाही. कपात रद्द झाली आणि पुढे पाणी भरल्यानंतरचा एक दिवस कामाच्या वेळापत्रकात धरला जाऊ लागला.

कायदाही येथे मुका नाही. कामगाराच्या हयगयीमुळे थेट नुकसान झाले असेल तरच, आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावरच, पगारातून भरपाई कापता येते. हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण बाजू मांडायची म्हणजे ती आधी माहीत पाहिजे. हवा कोठे अडकते, पंप कशाने जळतो, हे ज्याला सांगता येत नाही, त्याला दिलेली संधी रिकामीच जाते.

मालकवर्गालाही आमचे सांगणे आहे. चोवीस तास नुसता पंप फिरतो आणि माणूस बसून राहतो, हा वेळ फुकट गेला असे वाटते. तो फुकट जात नाही. हवेला वर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच; मुदतीच्या धाकाने बुडबुडा वेगाने चढत नाही. तेव्हा उद्या कोणी तुमच्या यंत्रात पाणी भरू लागला, तर त्याला घाईची वेळ विचारू नका. त्याच्याशेजारी एक खुर्ची ठेवा आणि टाकीकडे थोडा वेळ तुम्हीही पाहा. आमचे भाषण येथे पुरे करतो.