वाळवंटांतील मळे आणि आमचे बांध

शेतकऱ्यानें घराबाहेर पडावें तें देवदर्शनासाठीं किंवा सोयरिकीसाठीं, असा आपल्याकडे समज आहे. परक्याचीं शेतें पाहण्यासाठीं पदरचे पैसे खर्चून चार मुलुख हिंडणें हें पुष्कळांस रिकामपणाचें लक्षण वाटतें. तथापि गेल्या हिवाळ्यांत भाईंदरकडील आम्ही पांच खातेदार एका मोटारींतून सहा दिवस असेच हिंडून आलों. त्यांतून जें समजलें, तें आमच्या खाडीकांठच्या शेतकरी बांधवांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रवासाचें निमित्त असें झालें. आमचा एक भाचा आफ्रिकेच्या वायव्येस असलेल्या मोरोक्को देशांत सात-आठ सोबत्यांसह मोटारीनें फिरून आला. मराकेश शहरापासून ॲटलास पर्वतांतील तिझी-न-तिश्का हा २२६० मीटर उंचीचा घाट ओलांडून ही मंडळी वार्झाझातवरून मेरझूगा येथील वाळूच्या टेकड्यांपर्यंत गेली. भाच्यानें उंटांचीं छायाचित्रें पुष्कळ आणिलीं होतीं. परंतु आमची नजर एका निराळ्याच छायाचित्रावर खिळली. सपाट माळावर वारुळांसारखे मातीचे ढीग एका ओळींत दूरवर गेले होते. विचारतां, "कांहीं जुन्या विहिरी आहेत, मामा," एवढेंच उत्तर मिळालें. आमचा जन्म मोजणीच्या नकाशांत व सात-बाराच्या नकलांत गेला. सरळ रेषा दिसली कीं ती कोणी व कां आंखली, हें शोधल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

शोध करितां कळलें तें असें. या विहिरींच्या ओळीस तिकडे 'खेत्तारा' म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशीं जेथें जमिनींत पाणी लागतें, तेथें एक मूळ विहीर खणतात. तिच्यापासून गांवाकडे जमिनीखालून एक बोगदा काढतात. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षां कमी ठेवितात. त्यामुळें कांहीं किलोमीटर गेल्यावर बोगद्याचें तोंड आपोआप जमिनीच्या सपाटीस लागतें व पाणी मोटेवांचून शेतांत वाहूं लागतें. मधल्या विहिरी पाणी काढण्यासाठीं नसून माती काढण्यासाठीं व आंत हवा खेळण्यासाठीं असतात. जमिनीखालून वाहिल्यामुळें पाणी उन्हानें आटत नाहीं.

तफिलालेतच्या ज्या भागांत वर्षास १०० मिलिमीटरहि पाऊस पडत नाहीं, तेथें या पाण्यावर खजुरीचे मळे उभे आहेत. अशा मळ्यास मरुद्यान म्हणतात. वर खजूर, तिच्या सावलींत डाळिंब-अंजिरासारखीं फळझाडें, आणि त्यांच्या खालीं जव, भाजी व जनावरांचें लसूणघास, अशी तीन मजली शेती तेथें करितात. येथील मूळच्या लोकांस परके लोक बर्बर म्हणतात. ते स्वतःस अमाझीग म्हणवितात, आणि त्यांच्या भाषेस सन २०११ च्या राज्यघटनेनें अधिकृत भाषेचा दर्जा दिला. त्यांचीं जुनीं गांवें म्हणजे मातीच्या जाड भिंतींचे कोटच होत. ऐत बेनहद्दू या अशाच गांवाची नोंद सन १९८७ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत झाली.

शेतकऱ्यानें लक्ष द्यावें तें मात्र या भिंतींकडे नव्हे, तर त्यांच्या आंत बसणाऱ्या पंचायतीकडे. तिला ते 'जमाअ' म्हणतात; आपला 'जमात' हा शब्द त्याच घराण्यांतला. कोणाच्या शेतास किती वेळ पाणी जावें, बोगद्यांतील गाळ कोणीं व केव्हां काढावा, हें ही जमाअ ठरविते. पूर्वीं पाण्याची पाळी मोजण्यास भोंक पाडलेलें तांब्याचें भांडें पाण्यावर सोडीत व तें बुडालें म्हणजे एक माप झालें असें धरीत. आपल्याकडे लग्नांत घटिकापात्र ठेवीत, तीच ही युक्ति. म्हणजे मरुद्यान ही निसर्गाची देणगी नसून माणसांनीं आपसांत केलेला व पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला करार आहे. करार मोडला कीं गाळ सांचतो, आणि गाळ सांचला कीं वाळू मळ्यांत शिरते.

आम्हां पांचांस मोरोक्कोस जाणें परवडणारें नव्हतें. परंतु भूमिगत पाटाची ही विद्या इराणांतून जशी पश्चिमेस गेली, तशीच पूर्वेस दक्षिणेंतहि आली, हें कळल्यावर तिचे आपल्याकडील नमुने पाहण्याचें ठरलें. घोडबंदर मार्गानें ठाण्यास जाऊन, कसारा घाट चढून, नाशिक-मालेगांववरून आम्ही पहिल्या दिवशीं धुळें गांठलें.

साक्री तालुक्यांतील पांझरा नदीवर भूमिगत पाट नाहीं, पण पाण्याचा करार आहे. त्यास 'फड' म्हणतात. ही पद्धति निदान तीनशें वर्षांची आहे. नदीस एकाखालीं एक लहान दगडी बंधारे; बंधाऱ्यापासून पाट, पाटापासून चारी, चारीपासून शेतांत सारंग. पाटाखालील सर्व जमिनीचे बहुधा चार भाग करितात. एकेक भाग म्हणजे एक फड. एका फडांत ऊस, दुसऱ्यांत व तिसऱ्यांत हंगामी पीक, चौथा पडीक. पुढील सालीं पाळी बदलते. बहुतेक खातेदाराची थोडथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते. त्यामुळें पाणी कमी झालें व पंचांनीं एक फड कोरडा ठेवावयाचा ठरविला, तर नुकसान एकाच्या माथीं न बसतां सर्वांवर सारखें वांटलें जातें.

पाणी सोडण्याचें काम पाटकरी करितो. शेतमालकानें स्वतः बारें फोडावयाचें नाहीं, असा नियम. देखरेखीस हवालदार व रात्रीं राखणीस जागल्या. एका वृद्ध शेतकऱ्यास आम्हीं विचारलें, "आबा, तुमचें पीक वाळत असलें आणि पाणी शेजारून जात असलें, तर राहवतें कसें?" ते म्हणाले, "राहवत नाहींच. म्हणून तर पाटकरी ठेवला." या एका वाक्यांत सहा दिवसांच्या प्रवासाचें सार्थक झालें. हातीं पाणी असतां प्रत्येक जण साधु राहील, असें या पद्धतीनें धरलेंच नाहीं. म्हणून ती टिकली. अलीकडे विहिरी व पंप वाढल्यापासून पुष्कळ ठिकाणीं फडाची शिस्त सैल झाली आहे. तरी कांहीं फड अद्याप चालू आहेत.

तेथून जळगांव-रावेरवरून आम्ही बऱ्हाणपुरास गेलों. हें शहर आज मध्यप्रदेशांत असलें, तरी बाजारांत मराठी सर्रास ऐकूं येतें. अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारींत, सन १६१५ च्या सुमारास, येथें भूमिगत पाट काढले. सातपुड्याकडून झिरपणारें पाणी धरून तें शहराकडे नेण्याची ही योजना. यांपैकीं प्रसिद्ध असलेल्या कुंडी भंडाऱ्यास शंभराहून अधिक कुंड्या आहेत. कुंड्यांचीं वर्तुळें माळावर ओळीनें गेलेलीं पाहून आम्हांस भाच्याचें तें छायाचित्रच समोर उभें राहिल्यासारखें झालें. आंत उतरून पाहतां चारशें वर्षांनंतरहि स्वच्छ पाणी वाहत होतें.

परतींत अजिंठ्यावरून छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेस, मुक्काम केला. हें शहर मलिक अंबरानें सन १६१० मध्यें खडकी या नांवानें वसविलें. तो आफ्रिकेंतील हबशी. गुलाम म्हणून विकला जाऊन निजामशाहीचा कारभारी झालेला. त्यानें उत्तरेकडील डोंगरांतून शहरास पाणी आणिलें, तोच नहर-ए-अंबरी. पुढें अठराव्या शतकांत अशाच नहराच्या पाण्यावर पाणचक्की चालूं लागली; ती पाहण्यास आजहि लोक येतात. परंतु मूळ नहरावर घरें व रस्ते झाले, कुंड्या बुजल्या, नळाचें पाणी आल्यावर गाळ काढणें कोणास आवश्यक वाटेना. मोरोक्कोंतहि निराळें घडलें नाहीं. झीझ नदीवर सन १९७१ मध्यें हसन अद्दाखिल धरण झालें, खाजगी पंप आले, पाण्याची पातळी उतरली आणि पुष्कळ खेत्तारा कोरड्या पडल्या. धरण वा नळ वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. नवी सोय आली कीं सामाईक काम सुटतें, आणि सोय अपुरी पडली तर परतावयास जुनी वाट उरत नाहीं, एवढेंच म्हणणें आहे.

आतां वाचक म्हणतील, आमच्याकडे वर्षास २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. वाळवंटाच्या गोष्टी आम्हांस कशाला? परंतु खाडीकांठच्या शेतकऱ्याची लढाई वाळूशीं नसून खाऱ्या पाण्याशीं आहे. राई, मुर्धा, मोर्वा, खारी या बाजूची खाजणांतील भातशेती बांधाच्या आश्रयानेंच झाली. ठाणें-कुलाब्याच्या जुन्या दप्तरांत 'शिलोत्री' जमिनीची नोंद आढळते. बाहेरचा समुद्रबांध शाबूत राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची, आणि त्याबद्दल त्यास बिघ्यामागें ठराविक भात. तो आमचा पाटकरीच नव्हे काय? पुढें सन १९४८ चा मुंबईचा व सन १९७९ चा महाराष्ट्राचा खारजमिनींचा कायदा झाला. सन १९८५ मध्यें मिरा-भाईंदर नगरपालिका व २००२ मध्यें महानगरपालिका झाली. बांध हें सरकारचें काम, असें आम्ही मानूं लागलों.

येथें एक गोष्ट कबूल करणें भाग आहे. आमच्या स्वतःच्या वांट्याचा तुकडा ज्या खाजणांत आहे, तेथील बांधावरून एका श्रावणांत आम्ही सकाळीं स्टेशनकडे जात होतों. खेकड्याच्या बिळांतून पाणी पाझरतांना दिसलें. दोन घमेलीं चिखलाचें काम. पण कचेरीची गाडी चुकेल म्हणून पुढें गेलों; कोणीतरी बुजवील असें मनाशीं म्हटलें. चार दिवसांनीं अमावास्येच्या उधाणास तेथें खांड पडली व पोसवणाऱ्या भातांत खारें पाणी शिरलें. पंचनाम्याचे वेळीं निष्पन्न झालें कीं तें बीळ आमच्याशिवाय आणखी सहा जणांनीं पाहिलें होतें. दोन पावसाळे जाईपर्यंत त्या खाजणांत भात धड आलें नाहीं. नुकसान झालेल्यांच्या यादींत आमचेंहि नांव होतें. परंतु ती यादी वस्तुतः दोषींची होती.

म्हणून, जेथें अद्याप खाजण पिकतें तेथील खातेदारांस आमची सूचना अशी. चैत्रांत बैठक करून क्षेत्राच्या मानानें प्रत्येकाकडे बांधाची ठराविक लांबी नेमून द्यावी व ती वहींत लिहून ठेवावी. उघाडीची झडप पावसापूर्वीं तपासावी. आषाढापासून आश्विनापर्यंत प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेस बांध चालून पाहण्यास एक राखणदार ठेवावा व त्यास सर्वांनीं मिळून भात किंवा रोख द्यावी. बांधाबाहेरील तिवरांस हात लावूं नये; लाटेचा पहिला मार तींच घेतात. मोठ्या खांडीचें काम सरकारचेंच. त्यासाठीं अर्ज अवश्य करावा. बिळाचें काम मात्र पाहणाऱ्याचें.

आम्हां पांचांपैकीं तिघांची जमीन एकाच बांधाआड आहे. त्यांची वही घातली असून पहिल्या पानावर बांधाचा नकाशा आम्हींच काढला आहे. राखणदार मिळेपर्यंत ती पाळीहि आमच्याकडेच आहे.