शाळेच्या ग्रंथालयात कोणती पुस्तके असावीत?

शाळेचे ग्रंथालय म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक काचेचे कपाट उभे राहते. कपाटास कुलूप असते व किल्ली कोणाजवळ आहे, हे शोधून काढावे लागते. आत पुस्तके असतात खरी. पण त्यांत कोणी देणगी म्हणून दिलेली जुनी क्रमिक पुस्तके किती, परीक्षेची मार्गदर्शके किती आणि मुलाने आपण होऊन हातात घ्यावे असे पुस्तक किती, याची मोजदाद सहसा होत नाही. तपासणीच्या वेळी पुस्तकांची एकूण संख्या विचारली जाते. ती भरली म्हणजे ग्रंथालय आहे, असे समजण्याचा प्रघात पडला आहे.

वास्तविक कायद्याची अपेक्षा याहून मोठी आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगितले असून, तेथे वर्तमानपत्रे, मासिके व सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, त्यांतच गोष्टींची पुस्तकेही असावीत, असा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा करणारांनी गोष्टींच्या पुस्तकांचा निराळा निर्देश केला, ही लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे. मात्र कोणती पुस्तके घ्यावीत हे कायदा सांगू शकत नाही. ते काम शिक्षकांचे, संस्थाचालकांचे आणि काही अंशी पालकांचे आहे.

या निवडीवर बरेच काही अवलंबून असते. साधारणपणे दहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंतच्या काळात मूल आपल्या बळावर वाचू लागते आणि याच काळात वाचन त्याच्या अंगवळणी पडते किंवा कायमचे सुटते. ज्या घरात क्रमिक पुस्तकांखेरीज एकही पुस्तक नाही, त्या घरच्या मुलास शाळेचे कपाट हेच जगातील एकमेव ग्रंथालय असते. तेथे त्याला दोन-तीन नीरस पुस्तके मिळाली की वाचन हा आपला प्रांत नव्हे, असा ग्रह तो करून घेतो आणि वडील माणसे त्यावर ‘याला वाचनाची आवड नाही’ असा शेरा मारून मोकळी होतात. सुखवस्तू घरांतील मुलांची अडचण निराळ्या प्रकारची असते. त्यांच्यापुढे पुस्तके पुष्कळ येतात, परंतु ती आईवडिलांना लहानपणी आवडलेली, नाहीतर स्पर्धापरीक्षेस उपयोगी पडणारी असतात. दोन्हीकडे परिणाम एकच होतो. मुलाची व त्याच्या जोगत्या पुस्तकाची गाठ पडत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे भारतातील आद्य आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळाला पाहिजे, या आशयाची दोन सूत्रे त्यांत आहेत. वर्गात चाळीस मुले असली तर आवडीही निरनिराळ्या असणार, हे ध्यानात घेतले म्हणजे विविधता ही ग्रंथालयाची हौस नसून त्याची पहिली गरज आहे, हे सहज पटेल.

मराठीत ही जाणीव नवी नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले, तेव्हा चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय विषय यांना शेजारी-शेजारी स्थान दिले. ज्यास कवितेत रस नाही तो थोर पुरुषाचे चरित्र वाचील, ज्यास चरित्र रुचत नाही तो सृष्टीतील चमत्काराकडे वळेल, अशी सोय त्यात आपोआप झाली. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक काढले आणि १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ निघाले. चांगल्या मुलांच्या मासिकाचा संपादक जो विचार प्रत्येक अंकासाठी करतो, तोच शाळेने आपल्या कपाटासाठी करावयाचा आहे.

समजा, एखाद्या शाळेस पाचवी ते दहावीच्या मुलांकरिता प्रथम शंभरच पुस्तके घेता येतात. त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल. गोष्टी, साहसकथा, कादंबऱ्या व विनोद मिळून पस्तीस. विज्ञान व निसर्ग यांवर अठरा. चरित्रे व आत्मचरित्रे बारा. कविता व नाटके दहा. इतिहास व प्रवास दहा. कोश, नकाशासंग्रह अशी संदर्भाची पुस्तके आठ. आणि हस्तकला, चित्रकला, खेळ, कोडी यांवर सात. हे प्रमाण काटेकोर पाळावे असे नाही. मात्र एकाच जातीची पुस्तके कपाट व्यापून टाकीत नाहीत ना, हे पाहण्यास त्याचा उपयोग होईल.

पहिला व सर्वांत मोठा वाटा गोष्टींचा ठेवला, याबद्दल कित्येक पालक आक्षेप घेतील. त्यांच्या मते शाळेने उपयुक्त पुस्तके द्यावीत. गोष्टी काय, घरीही वाचता येतात. पण वाचनाचा वेग आणि दम ही दोन्ही गोष्टींच्या पुस्तकांनीच येतात. पुढे काय झाले, हे जाणण्याच्या ओढीने जे मूल दीडशे पाने एका बैठकीत संपविते, त्यास पुढे इतिहासाचा जाड ग्रंथ भिववीत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीहून पुण्यास शिकावयास आलेला फास्टर फेणे, किंवा त्यांनीच मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी, यांनी अनेक मुलांना हा दम दिला आहे. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ जितका मुलांचा, तितकीच त्यांची ‘चिंगी’ मुलींची. आणि दोन्ही पुस्तके दोघांनीही वाचावी अशी आहेत. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाशी ज्याची ओळख झाली, त्यास मराठी भाषेत किती हसता येते हे निराळे सांगावे लागत नाही. अशा पुस्तकांस हलकी म्हणून बाजूस सारणे म्हणजे जिन्याची खालची पायरी काढून टाकून वरच्या मजल्यावर येण्याचे आमंत्रण देण्यासारखे आहे.

चरित्रांच्या बाबतीत चूक निराळी होते. तेथे पुस्तके असतात, पण ती ठराविक दहा-बारा नावांभोवती फिरतात आणि नायक जन्मतःच थोर होता असा भास उत्पन्न करतात. मुलाला खरा धीर येतो तो अडखळत पुढे गेलेल्या माणसाकडे पाहून. वीणा गवाणकरांनी १९८१ साली लिहिलेले ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक घराघरांत पोहोचले, त्याचे कारण येथेच सापडते. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेला एक पोरका मुलगा शिकत शिकत कृषिशास्त्रज्ञ होतो, ही हकिकत वाचताना मराठी मुलास परकेपणा वाटत नाही. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांतील निवडक भाग आठवी-नववीच्या मुलांना आवडीने वाचता येतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ बहुतेक शाळांत असते आणि ती असावीच. परंतु तिच्या दहा प्रती घेऊन इतर चरित्रे व आत्मकथा टाळणे हे मात्र निवडीचे काम टाळण्यासारखे आहे.

विज्ञान व निसर्ग या विभागात जपून पाऊल टाकावे लागते, कारण येथे पुस्तके जुनी होतात. ग्रहांची संख्या नऊ सांगणारे पुस्तक २००६ सालानंतर मुलाच्या हाती देताना शिक्षकाने दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्लूटोस ग्रहमालेतील मुख्य ग्रहांतून वगळले. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या १९७९ सालच्या संग्रहातील विज्ञानकथा मुलास कथेच्या ओढीने शास्त्राकडे नेतात. वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात घालविलेल्या मारुती चितमपल्लींच्या लेखनात पक्षी, झाडे आणि त्यांची देशी नावे भेटतात. शहरातील मुलास खिडकीत बसणाऱ्या पक्ष्याचे मराठी नाव ठाऊक नसते. ते कळले की पुस्तक आणि अंगण यांच्यात नाते जुळते. याच विभागात स्वतः प्रयोग करावयास लावणारी पुस्तके अवश्य घ्यावीत. मोठ्या कादंबरीस हात न लावणारी कित्येक मुले अशा पुस्तकांतील कृती वाचण्याकरिता प्रथम वाचू लागतात.

कविता आणि नाटके ही वस्तुतः मोठ्याने वाचावयाची पुस्तके आहेत. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी विंदा करंदीकर यांनी ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ यांसारखे बालकवितासंग्रह लिहिले, यावरून मुलांकरिता लिहिणे हे दुय्यम काम नव्हे हे दिसून येते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ किंवा ‘निम्मा शिम्मा राक्षस’ या नाटकांचे वर्गात भाग वाटून वाचन केले, तर वाचताना अडखळणारा मुलगाही आपली वाक्ये पुन्हा पुन्हा वाचून पाठ करतो. निरनिराळ्या लेखकांच्या लेखनाशी एकाच ठिकाणी ओळख करून घ्यावयाची असल्यास माधुरी पुरंदरे यांनी संपादिलेले ‘वाचू आनंदे’ चांगले उपयोगी पडते.

यानंतर ज्या विविधतेचा विचार करावयाचा, ती विषयांची नसून माणसांची आहे. फार दिवस मुलांच्या पुस्तकांतील घर हे शहरातील मध्यमवर्गीय घर असे. धनगराचे पोर, उसतोड कामगाराची मुलगी, आदिवासी पाड्यावरील मूल यांना त्या घरात आपले प्रतिबिंब दिसत नसे, आणि शहरातील मुलास आपल्या गल्लीपलीकडचे जग दिसत नसे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आणि धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण शिक्षकाची कथा सांगणारी ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. नववी-दहावीच्या मुलांना ही पुस्तके झेपतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे १९८० सालचे आत्मकथन वरच्या वर्गातील मुलांनी शिक्षकांशी बोलत बोलत वाचावे असे आहे. परदेशातील मुलांचे जीवनही असेच जवळ आणता येते. आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या टोकियोतील शाळेची आठवण सांगणारे तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठीत उपलब्ध आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या मुलांकरिता काढलेल्या पुस्तकांची किंमतही बेताची असते.

पुस्तके आणली म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे ती मुलांच्या हाती पोहोचविण्याचे आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या राज्यात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. वाचक पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, या विचाराने तेथे पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठविली जात. आजची शाळा हेच आपल्या आवारात करू शकेल. पन्नास पुस्तकांची एक पेटी दर महिन्यास एका वर्गातून दुसऱ्या वर्गात फिरविली, तर कुलपाचा प्रश्नच उरत नाही. पुस्तके फाटतील, दोन-चार हरवतील, ही भीती खोटी नाही. परंतु वीस वर्षे नवे कोरे राहिलेले पुस्तक शाळेच्या दृष्टीने हरविलेलेच असते. बांधणीकरिता व बदली प्रतींकरिता दरवर्षी थोडी रक्कम बाजूस ठेवली म्हणजे ही भीती आटोक्यात राहते.

पुस्तके नेल्या-आणल्याची नोंदवही हे शिक्षकाच्या हातातील मोठे साधन आहे. वर्षाच्या अखेरीस ती चाळली असता कोणत्या पुस्तकास एकही वाचक मिळाला नाही आणि कोणत्या मुलाने एकही पुस्तक नेले नाही, हे दोन्ही कळते. पहिल्या यादीतील पुस्तकांची ओळख वर्गात पाच मिनिटे करून द्यावी. तरीही ते न हलल्यास त्याची जागा दुसऱ्यास द्यावी. दुसऱ्या यादीतील मुलास मात्र त्याच्या आवडीविषयी विचारावे. त्यास क्रिकेट आवडते की यंत्रे, भुतांच्या गोष्टी की पाककृती, हे कळल्यावर पुढच्या खरेदीत त्याच्याकरिता एक पुस्तक मुद्दाम घेता येते. खरेदीच्या मंडळात दोन मुले व दोन मुली घेण्यासही हरकत नाही. त्यांच्या सूचना पुष्कळदा प्रौढांच्या अंदाजापेक्षा नेमक्या ठरतात.

सुशिक्षित पालकांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेच्या सभेत परीक्षेच्या निकालाची चौकशी होते, तशीच ग्रंथालयातून गेल्या महिन्यात किती पुस्तके बाहेर गेली, याचीही चौकशी व्हावी. घरातील रद्दी देणगी म्हणून पाठविण्याऐवजी मुलांच्या वाढदिवशी शाळेस एक नवे, चांगल्या ठळक टाइपाचे व सचित्र पुस्तक भेट द्यावे. आपल्या मुलास जे आवडते तेच नेहमी न देता, शेजारच्या बाकावरील मुलास काय आवडेल, याचाही विचार त्यात असावा. महाराष्ट्रात डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, ती व्हावीत. पण त्याच दिवशी कपाटाचे कुलूप काढून प्रत्येक मुलास आपल्या हाताने एक पुस्तक निवडू दिले, तर त्या दिवसाचा हेतू अधिक चांगल्या रीतीने सफळ होईल.