कलादालनाचा पर्यावरणावरील भार : दमट गोव्यात तो हलका कसा करता येईल?

चित्र समुद्राचे असते. किनाऱ्यावर साचलेल्या प्लॅस्टिकची खंत त्यात असते. दालनात ते येते मात्र बबलरॅपच्या चार थरांत गुंडाळून, थर्मोकोलच्या तुकड्यांत बसवून आणि एकदाच वापरायच्या लाकडी खोक्यातून. उद्घाटनाच्या संध्याकाळी वातानुकूलन यंत्रे १९ अंशांवर धावत असतात आणि पाहुण्यांसाठी दार सताड उघडे ठेवलेले असते. टेबलावर पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांची रांग लागते. महिनाभराने चित्र परत जाते. भिंतीवरचा मजकूर, फलक आणि तात्पुरत्या भिंतींसाठी आणलेले प्लायवूड कचऱ्यात जाते.

हे दृश्य कोणा एका दालनाचे नाही आणि त्यात कोणाचा वाईट हेतूही नसतो. कलादालन म्हणजे कारखाना नव्हे. राज्याच्या एकूण प्रदूषणात त्याचा वाटा अल्पच. तरीही हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. २०२० मध्ये मोलेच्या अरण्यासाठी गोव्यातील अनेक चित्रकारांनी कुंचले हाती घेतले. त्या वेळी वादात सापडलेल्या तीन प्रकल्पांपैकी एक वीजवाहिनीचा होता. गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती नाममात्र आहे. आपली बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या कोळसा-केंद्रांतून येते. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दालनातील दिवा आणि अरण्यातील मनोरा यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वीज वाचवायची म्हणून यंत्रे सरसकट बंद केली, तर एका पावसाळ्यात कॅनव्हासवर बुरशी चढते, कागद लहरतो, चौकटीमागे वाळवी शिरते. पणजीच्या फोंतेन्यस भागातील फुंदासांव ओरिएन्तमध्ये अंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०-१९३५) यांची चित्रे आहेत. अशा शंभर वर्षांच्या तैलचित्रांना पर्याय नसतो. कलेचा बळी देऊन निसर्ग वाचवायचा नाही आणि निसर्गाच्या जिवावर कलाही जपायची नाही, असा हा दुहेरी पेच आहे. तो सोडवण्याचे मार्ग आहेत आणि त्यांतील बरेचसे खर्चिक नाहीत.

आधी मोजमाप

पहिली पायरी यंत्रखरेदीची नाही, नोंदवहीची आहे. मागील १२ महिन्यांची वीजबिले समोर ठेवावीत आणि कोणत्या महिन्यात वापर वाढतो ते पाहावे. तापमान व आर्द्रता दाखवणारी छोटी उपकरणे आता स्वस्त झाली आहेत. ती दालनाच्या दोन-तीन कोपऱ्यांत, साठवणीच्या खोलीत आणि शक्य तर बाहेरच्या भिंतीवर लावून सकाळ, दुपार, संध्याकाळ नोंद ठेवावी. दालन बंद असतानाच्या रात्रीच्या नोंदी तर अधिकच बोलक्या असतात. सोबत वर्षभरात किती चित्रे विमानाने गेली, किती ट्रकने, किती खोकी टाकून दिली, याचीही यादी करावी.

लंडनमध्ये २०२० साली स्थापन झालेल्या ‘गॅलरी क्लायमेट कोअलिशन’ या संघटनेने २०३० पर्यंत कलाक्षेत्रातील उत्सर्जन किमान निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. दालनांना आपले उत्सर्जन मोजता यावे यासाठी तिने गणनयंत्रही उपलब्ध करून दिले आहे. त्या हिशेबात वीज, मालवाहतूक आणि प्रवास यांवर भर असतो. आपल्याकडील दालनांनीही हेच तीन रकाने आधी भरावेत.

प्रकाश : सर्वांत सोपी बचत

समजा, एका मध्यम दालनात ५० वॅटचे ४० हॅलोजन दिवे दिवसाला आठ तास, वर्षातून ३०० दिवस लागतात. वापर होतो ४,८०० युनिट. त्यांच्या जागी सात वॅटचे एलईडी बसवले, तर हाच वापर ६७२ युनिटांवर येतो. वाचलेल्या सुमारे ४,१०० युनिटांमागे जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड टळतो.

बचत एवढ्यावर थांबत नाही. हॅलोजन दिव्याची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन खोलीत पसरते. ४० दिव्यांची ही दोन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्यासाठी अर्ध्या टनाहून अधिक क्षमतेचे वातानुकूलन अखंड राबते. दिवा बदलला की हा दुहेरी खर्च एकदम थांबतो.

यात चित्राचेही हित आहे. प्रकाशामुळे होणारी हानी साठत जाते. उडालेला रंग पुन्हा येत नाही. जलरंग, कागद व वस्त्रे यांच्यासाठी साधारण ५० लक्स आणि तैलचित्रांसाठी २०० लक्सपर्यंत प्रकाश पुरेसा मानला जातो. आपल्याकडे अनेकदा याहून कितीतरी प्रखर झोत टाकला जातो. माणूस समोर आला की उजळणारे आणि तो गेला की मंदावणारे दिवे लावले, तर वीजही वाचते आणि चित्राचे आयुष्यही वाढते. मात्र एलईडी घेताना रंग खरे दिसतील अशा दर्जाचेच घ्यावेत. स्वस्त दिव्याखाली गेरूचा तांबडा आणि जांभ्याचा तांबडा एकसारखेच मरगळतात.

थंडावा नव्हे, कोरडेपणा

कलादालन म्हणजे थंडगार जागा, हा समज थंड देशांतील संग्रहालयांकडून आपल्याकडे आला. तापमान २० अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के, तीही पाच टक्क्यांहून अधिक न हलणारी, असा दंडक तेथे दीर्घकाळ पाळला गेला. तो पाळायला प्रचंड ऊर्जा लागते. म्हणूनच जगातील मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या ‘बिझो’ गटाने २०१४ च्या सुमारास ही चौकट सैल केली आणि बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश तापमान व ४० ते ६० टक्के आर्द्रता चालेल, असे मान्य केले. बदल हळूहळू व्हावा, एकाएकी होऊ नये, एवढी अट ठेवली.

गोव्यात जुलै महिन्यात बाहेरची आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. येथे चित्राचा खरा शत्रू उष्मा नाही, ओल आहे. आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला आमंत्रण मिळते. उलट तापमान २६-२७ अंश असले तरी हवा पुरेशी कोरडी आणि खेळती असेल, तर बहुतेक चित्रे सुखरूप राहतात.

अतिथंड दालन चित्राला अपायही करू शकते. ३० अंश तापमानाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा साधारण २६ अंशांखालच्या पृष्ठभागाला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच. दिवसभर २० अंशांवर गारठलेला कॅनव्हास आणि संध्याकाळी यंत्र बंद करून उघडलेले दार, या दोहोंच्या भेटीत ओल चित्रावरच उतरते. दिवसा गारठा आणि रात्री दमटपणा हा रोजचा झोका रंगाच्या थराला भेगा पाडतो. बिल वाचवण्यासाठी रात्री सगळे बंद करण्याची रीत म्हणूनच फसवी आहे.

मग करावे काय? यंत्र २४ अंशांवर ठेवावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. मात्र २४ अंशांवर यंत्र कमी राबते आणि हवेतील पाणीही कमी काढते. त्यामुळे पावसाळ्यात आर्द्रता शोषणारे स्वतंत्र यंत्र जोडीला असावे आणि ते रात्रीही आर्द्रतेच्या मर्यादेनुसार आपोआप चालू-बंद व्हावे. कमी गतीच्या पंख्याने हवा हलती ठेवावी. चित्र बाहेरच्या भिंतीला चिकटवून न टांगता मागे बोटभर जागा सोडावी, म्हणजे तेथे हवा फिरते. सर्वांत नाजूक कागदी कामांसाठी अख्खी खोली कोरडी करण्यापेक्षा बंदिस्त चौकट किंवा काचपेटी करून त्यात सिलिका जेल ठेवणे कमी खर्चाचे. ते तापवून पुन्हा वापरताही येते.

अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्थेने उष्ण व दमट प्रदेशांतील जुन्या वास्तूंसाठी सुचवलेली दिशाही अशीच आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच ती आत घ्यावी. एरवी दारे मिटून आर्द्रता काढावी.

आणखी एक गोष्ट नजरेआड राहते, ती म्हणजे यंत्रातील वायू. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमानवाढ करतो. आर-३२ साठी हा आकडा ६७५ च्या आसपास आहे. दरवर्षी ‘गॅस भरावा लागतो’ याचा अर्थ नळीला गळती आहे. भरण्याआधी ती शोधून बुजवण्याचा आग्रह धरावा आणि यंत्र मोडीत काढताना वायू हवेत सोडू देऊ नये.

घर आधी, यंत्र नंतर

गोव्यातील अनेक दालने जुन्या घरांत आहेत आणि हे त्यांचे भाग्य आहे. जांभ्याच्या जाड भिंती, उंच छप्पर, चुन्याचा गिलावा, राजांगण, बाल्कांव आणि शिंपल्यांच्या खिडक्या या साऱ्यांनी वीज येण्याआधीपासून घर थंड ठेवले आहे. त्यांवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग चढवला की भिंतीतली ओल आतच कोंडते आणि पुढे चित्राच्या पाठीवर येते. चुन्याचा गिलावा पुन्हा करणे, फुटकी कौले पावसाळ्याआधी बदलणे, पन्हळी साफ ठेवणे, दोन दारांच्या मधे छोटी देवडी राखणे, पश्चिमेच्या खिडकीला सावली देणे या कामांनी यंत्राचा भार मुळातच घटतो.

सपाट गच्ची असलेल्या दालनांनी सौरपट्ट्यांचा विचार अवश्य करावा. दालन दिवसा चालते आणि सौरवीजही दिवसा मिळते, हा मेळ उत्तम आहे. वारसा क्षेत्रातील कौलारू घरांना हा मार्ग नेहमीच मोकळा नसतो. तेथे बचत हीच निर्मिती.

गुंडाळणी आणि प्रवास

चित्र गुंडाळायला प्लॅस्टिक सुरक्षित वाटते, पण पावसाळ्यात बबलरॅपमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेल्या चित्राभोवती ओल अडकते. साठवणीसाठी आम्लविरहित कागद आणि धुतलेले सुती कापड अधिक चांगले. वाहतुकीसाठी ठरावीक मापांची, स्क्रूने उघडणारी मजबूत खोकी करून घ्यावीत. एकच खोके अनेक वर्षे फिरते. चार-पाच दालनांनी मिळून अशी खोकी, घोंगड्या आणि कोपऱ्याचे पुठ्ठे सामाईक ठेवले, तर प्रत्येकाचा खर्च उतरतो.

विमानाने नेलेल्या मालाचे उत्सर्जन जहाज किंवा रेल्वेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. विमानाची गरज बहुधा अंतरामुळे पडत नाही, उशिरामुळे पडते. प्रदर्शनाची तारीख सहा महिने आधी ठरली, तर मुंबई-दिल्लीची चित्रे एकाच ट्रकमधून, एकाच फेरीत आणता येतात. चित्रासोबत माणूस पाठवण्याऐवजी खोके उघडताना दूरदृश्य पद्धतीने देखरेख करण्याची रीत कोविडकाळात रुळली. ती टिकवायला हवी.

मांडणी आणि समारंभ

वर्षाला बारा प्रदर्शनांऐवजी आठ केली आणि प्रत्येकाला अधिक दिवस दिले, तर वाहतूक, रंगकाम, छपाई सारेच घटते. शाळांनाही यायला सवड मिळते. तात्पुरत्या भिंती सुट्या भागांच्या असाव्यात, म्हणजे पुढच्या प्रदर्शनात नव्या रचनेत उभ्या करता येतील. फलकांसाठी पीव्हीसीऐवजी कापड वापरावे. १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. पाण्याला मातीचा माठ आणि स्टीलचे पेले पुरतात. टर्पेंटाइन, थिनर आणि वॉर्निश यांचे उरलेले द्रव मोरीत ओतू नयेत. ते विहिरीपर्यंत पोहोचतात. बंद डब्यात वेगळे साठवून घातक कचरा म्हणूनच द्यावेत.

सुरुवात कोठून?

सगळे एकदम होणार नाही. या पावसाळ्यात नोंदवही सुरू करावी. दिवाळीपर्यंत दिवे बदलावेत. पुढील उन्हाळ्यात, पाऊस पडण्याआधी, छप्पर आणि भिंती पाहाव्यात. वातानुकूलन यंत्र बदलायची वेळ येईल तेव्हा आधी घटलेल्या गरजेचा हिशेब करून लहान यंत्र घ्यावे. हा क्रम उलटा केला, तर मोठे यंत्र लहान कामासाठी आयुष्यभर वीज खात राहते.

रसिकांनाही यात भाग आहे. दालन पूर्वीइतके गार नाही, भिंतीवरचा प्रकाश थोडा मंद आहे, हे जाणवले तर तक्रार करण्याआधी क्षणभर थांबावे. डोळे मंद प्रकाशाला काही मिनिटांत सरावतात आणि चित्र आपले रंग दाखवू लागते. तो मंद प्रकाश त्या चित्राला आणखी काही दशके देत असतो.