मणक्यात सिमेंट भरलं, आता होडीवर कधी जायचं?



३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. जाळी, इंजिन, बर्फ, डिझेल यांची धावपळ सगळीकडे सुरू आहे. अशा वेळी दोन घरांतून आमच्याकडे एकच प्रश्न आला: "मणक्याचं काम करून घेतलं, दुखायचंही थांबलं. मग आता कामाला लागायला हरकत काय?" उत्तर सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहोत.

आधी नेमकं काय होतं ते बघू. वय वाढलं की हाडं ठिसूळ होतात. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हे जास्त वेगाने होतं. दमा किंवा संधिवातासाठी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या तरी होतं. अशा पाठीला लाटेवर होडी आपटल्याचा दणका बसला, किंवा मासळीची पाटी उचलताना जोर पडला, की मणका चेपतो. बरेच मणके विश्रांती आणि औषधांनी दोन-तीन महिन्यांत जुळून येतात. ज्यांचं दुखणं हटतच नाही, त्यांच्यातल्या काहींना डॉक्टर सिमेंट भरायचा सल्ला देतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीतून सुई मणक्यात घालतात आणि हाडांसाठीचं खास सिमेंट सोडतात. ही व्हर्टिब्रोप्लास्टी. आधी छोटा फुगा फुगवून मणका उचलून घेतला, तर ती कायफोप्लास्टी. जखम अगदी लहान असते. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात.

आणि इथेच फसगत होते. काहींना दोन दिवसांतच खूप बरं वाटतं, काहींना आठवडा-दोन आठवडे लागतात. पण सिमेंट भरलं ते एकाच मणक्यात. त्याच्या वरचे-खालचे मणके होते तसेच ठिसूळ आहेत. दुखणं गेलं म्हणून लगेच पाटी डोक्यावर घेतली, तर पुढचा मणका चेपू शकतो.

घरी आल्यावर

• पहिला दिवस आराम. मग घरातल्या घरात थोडं थोडं चाला आणि रोज वाढवत न्या. महिनाभर खाटेवर पडून राहू नका, त्याने हाडं आणखी कमजोर होतात.
• उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा.
• पट्टी डॉक्टर सांगतील तोवर कोरडी ठेवा. जखम भरेपर्यंत समुद्राच्या पाण्यात उतरू नका.
• जखमेच्या जागी दुखलं तर कपड्यात गुंडाळून बर्फ लावा.
• दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. पाणी आणि भाजी जास्त घ्या, कुंथू नका.
• विडी, सिगारेट, दारू बंद.

कामावर परतताना

साधारण सहा आठवडे जड काहीच उचलू नका. भरलेली कळशीसुद्धा नको, मग क्रेट, नांगर आणि इंजिन दूरच. कमरेत वाकून जाळं ओढणं, डोक्यावर पाटी घेणं, लाटांत होडीवर जाणं हे डॉक्टरांनी तपासून "हो" म्हटल्यावरच.

तोवर हिशेब, वजनकाटा, लिलावाची नोंद अशी कामं खुर्चीवर बसून करता येतील. जाळं विणायचं तर खाली बसून वाकू नका, ते छातीच्या उंचीवर टांगून घ्या. बाजारात बसणाऱ्या बायकांनी विळी उंच टेबलावर ठेवावी आणि पाटी दुसऱ्या कुणाला उचलायला सांगावी. यात कमीपणा काही नाही.

हाडांचं औषध सोडू नका

सिमेंट हा त्या एका मणक्याचा आधार आहे, ठिसूळपणाचा इलाज वेगळा. हाडांची घनता तपासायची डेक्सा चाचणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाड बळकट करणारं औषध यांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. हे औषध बहुधा काही वर्षं घ्यावं लागतं, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका. आपल्या तारल्या काट्यांसकट खाल्ल्या तर कॅल्शियम चांगलं मिळतं. सुकी मासळी मात्र बेताने, मीठ फार असतं.

लगेच दवाखाना गाठा

ताप, जखमेतून पू, पाठीत नवीन कळ आली तर त्याच दिवशी दाखवा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणं, छातीत दुखणं, दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर क्षणभर थांबू नका, १०८ ला फोन करा.

होडीमालकांना आमची विनंती: बरा होत असलेला खलाशी "येतो मी" म्हणाला तरी त्याला घाईने चढवू नका. हंगाम मे अखेरपर्यंत आहे. पहिले काही आठवडे गेले तर थोडं नुकसान होईल, दुसरा मणका गेला तर अख्खा हंगाम जाईल.

घरात, वाड्यावर कुणाला पाठीचा असा त्रास असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.