दारामागचा कारकून

संगणकावरून बँकेशीं व्यवहार करतांना ‘सॉकेट’ नांवाच्या दारांतून नुसते बाइट वाहत असतात. त्यांचें गुपित टी. एल. एस. ही योजना राखते. तिला दारामागचा कारकून समजा. तो मजकूर सांकेतिक करून, एका वेळीं फार तर १६,३८४ बाइट, लखोट्यांत भरतो व मोहोर लावतो. लखोटा पुरता आल्याविना मोहोर पडताळतां येत नाहीं. म्हणून दारांत बाइट येऊनहि वाचावयास कांहींच मिळत नाहीं.

उलट प्रकार अधिक घातक! कारकुनानें लखोटा फोडला, आपण अर्धाच मजकूर घेतला. उरलेला त्याच्या मेजावर, आणि दार रिकामें. दाराकडेच टक लावणारा प्रोग्रॅम मग खोळंबून बसतो. त्यानें आधीं कारकुनास विचारावें. आरंभीं दोन्ही टोकांच्या किल्ल्या ठरेपर्यंत तर वाचावयास गेलेल्यालाहि लिहावें लागतें!