शिडाच्या होडीची शर्यत : तयारी काठावर, कसोटी पाण्यावर

१९८२ साली नवव्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत भरल्या. शिडाच्या होड्यांच्या शर्यती मात्र मुंबईच्या सागरात झाल्या. त्यांत ‘फायरबॉल’ प्रकारात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. ‘फायरबॉल’ ही दोघांनी मिळून चालवावयाची होडी आहे. अशा होडीत एकाचे कौशल्य पुरेसे ठरत नाही. दोघांचा मेळ आणि काठावर केलेली पूर्वतयारी यांवरच सारे अवलंबून असते.

या क्रीडेचे शिक्षण समुद्रापासून दूरही घेता येते. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र जलाशयाकाठच्या ‘पीकॉक बे’ या केंद्रात शिडाची होडी चालविण्यास शिकतात. हैदराबादच्या हुसेनसागरावरही शिडाच्या होड्यांच्या शर्यती अनेक वर्षे होत आल्या आहेत. जलाशयावर भरती-ओहोटी नसते आणि लाटाही लहान असतात. तथापि काठावरील टेकड्या, झाडी व इमारती यांना अडून वारा एकाएकी पडतो आणि क्षणार्धात निराळ्याच दिशेने झोत येतो. म्हणून तळ्यावरील शर्यत ही बळापेक्षा सावधपणाची परीक्षा ठरते.

काठावरील तपासणी

अशा शर्यतींसाठी सोयीची एक होडी म्हणजे ‘एंटरप्राइझ’. ब्रिटनमधील जॅक होल्ट यांनी आखलेली ही होडी १९५६ च्या सुमारास प्रचारात आली. तिची लांबी सुमारे ४ मीटर असून तिला एक मोठे व एक पुढचे लहान अशी दोन शिडे असतात.

होडी पाण्यात लोटण्यापूर्वी तिची क्रमाने तपासणी करावी. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचे धागे तुटलेले नाहीत ना, त्यांच्या खिळी पक्क्या आहेत ना, हे प्रथम पाहावे. सुकाणू आपोआप निसटणार नाही अशी कळ लागलेली असावी. होडीला तरंगत ठेवणाऱ्या हवाबंद कप्प्यांची बुचे घट्ट बसवावीत. एक बूच विसरले तरी कप्प्यात पाणी शिरून होडी जड होते आणि उलटल्यास सावरणे कठीण जाते. पाणी उपसण्याचे भांडे, एक वल्हे व जादा दोर बरोबर घ्यावा. जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे बंद काठावरच आवळावेत.

दोघांची कामे

सुकाणू धरणारा मोठ्या शिडाचा दोरही सांभाळतो आणि दिशेचा निर्णय घेतो. त्याचा जोडीदार पुढचे शीड ओढतो वा सैल करतो, तळाच्या फटीतून पाण्यात सोडलेली फळी गरजेनुसार वर-खाली करतो आणि आपल्या शरीराच्या भाराने होडी कलू देत नाही. वाऱ्याच्या रोखाने सरळ जाता येत नाही; सुमारे ४५ अंशांचा कोन राखून नागमोडी मार्ग काढावा लागतो. अशा वेळी फळी पूर्ण खाली असते. ती होडीला आडवे घसरू देत नाही. वारा पाठीमागून आला की ती बरीचशी वर घेतात.

प्रत्येक वळणापूर्वी सुकाणूधारी इशारा देतो आणि जोडीदार ‘तयार’ म्हणतो. हा शब्द कानी आल्यावाचून वळू नये, कारण शिडाखालची आडवी दांडी वेगाने एका बाजूकडून दुसरीकडे फिरते व डोक्याला इजा करू शकते. वाऱ्याचा झोत पाण्यावर काळसर सुरकुत्यांच्या रूपाने आधी दिसतो. तो हेरून सांगणे हे जोडीदाराचे महत्त्वाचे काम होय.

आरंभ आणि नियम

प्रचलित नियमांनुसार आरंभाच्या ५ मिनिटे आधी सूचनेचा व ४ मिनिटे आधी तयारीचा ध्वज चढतो. १ मिनिट उरले असता तयारीचा ध्वज उतरतो. ध्वनीपेक्षा ध्वज प्रमाण मानला जातो. रेषा आधी ओलांडणाऱ्याला परतून पुन्हा आरंभ करावा लागतो. डावीकडून वारा घेणाऱ्या होडीने उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यावी, हा मुख्य दंडक. तो मोडल्यास साधारणतः दोन गिरक्या घेऊन प्रायश्चित्त करावयाचे असते आणि ते खेळाडूने स्वतःहून घ्यावे, अशी अपेक्षा असते.

होडी उलटल्यास

होडी उलटली तर दोघांनी प्रथम एकमेकांना हाक द्यावी. काठ जवळ भासला तरी होडी सोडून पोहत निघू नये. तरंगणारी होडी हाच मोठा आधार असतो आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा होडी लवकर दिसते. शिडांचे दोर सैल करून एकाने खालच्या फळीवर उभे राहावे व होडी सरळ करावी. दुसरा आतल्या बाजूस होडीलगत राहिल्यास ती सरळ होताच तिच्यासह आत येतो.

ज्या गावांच्या शिवारात जलाशय आहे, तेथे असा उपक्रम सुरू करावयाचा असल्यास संबंधित यंत्रणेची परवानगी, जाणकार शिक्षक आणि पाण्यावर सतत सज्ज असलेली बचाव-नौका या तीन गोष्टी आधी हव्यात. होडीची खरेदी त्यानंतरची. एवढी शिस्त पाळली गेली, तर पाण्याचे भय मनात घेऊन वाढणारी मुले पाण्याचा आदर करावयास शिकतील.