निसण्याची निगा

पटाशी लाकडात नीट चालेनाशी झाली, की दोष पोलादाला दिला जातो. वास्तविक तो पुष्कळदा धार लावण्याच्या दगडाचा, म्हणजे निसण्याचा असतो. एडवर्ड ॲचिसन यांनी १८९१ साली विजेच्या भट्टीत बनविलेल्या सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण आजच्या अनेक निसण्यांत असतात. त्यांमधील छिद्रे पोलादाच्या किसाने व सुकलेल्या तेलाने बुजली, म्हणजे पाते नुसते घसरते. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात उन्हाळी आंधीबरोबर धूळ घरात शिरते. तिच्यातील वाळूचा एखादा जाड कणही नाजूक धार बिघडवितो. म्हणून काम संपताच निसणा पातळ तेलाने पुसून, झाकणाच्या लाकडी पेटीत ठेवावा. घासताना त्याचा सर्व पृष्ठभाग वापरावा. मध्ये खोलगट झालेला निसणा सरळ धार देत नाही.